वारंवार 'कॉन्ट्रास्ट एमआरआय' केल्यावर मेंदूत धातू साठतो का? गॅडोलिनियमची पूर्ण गोष्ट

"एमआरआयच्या वेळी जे इंजेक्शन देतात त्यातला धातू मेंदूत कायमचा राहतो. करू नका!"

अशा अर्थाची एखादी रील किंवा फॉरवर्ड तुमच्याही सोसायटीच्या ग्रुपवर येऊन गेली असेल. त्याखाली लगेच दोन पार्ट्या पडतात. एक म्हणते, "सगळा डॉक्टरांचा धंदा आहे." दुसरी म्हणते, "काहीही अफवा पसरवू नका, एमआरआयला रेडिएशन पण नसतं."

गंमत म्हणजे दोन्ही पार्ट्या अर्धं-अर्धं बोलतात. इंजेक्शनमधला धातू मेंदूत थोडा राहतो, ही अफवा नाही. ती २०१४ सालापासून शास्त्रीय नियतकालिकांत छापून आलेली गोष्ट आहे. पण त्यामुळे मेंदू खराब होतो, हे आजपर्यंत सिद्ध झालेलं नाही. या दोन वाक्यांच्या मधली जागा महत्त्वाची आहे, कारण तिथेच पेशंटला निर्णय घ्यायचा असतो.

कांदिवलीत हा प्रश्न अगदी घरगुती झालाय. चारकोप असो, महावीर नगर असो की ठाकूर व्हिलेज, स्कॅन सेंटर आता हाकेच्या अंतरावर असतं. कंबर दुखली, डोकं दुखलं, चक्कर आली की चिठ्ठीवर 'एमआरआय' लिहून येतो आणि खाली कधी 'प्लेन', तर कधी 'विथ कॉन्ट्रास्ट'. काउंटरवर कॉन्ट्रास्टचे पैसे वेगळे सांगतात, एका फॉर्मवर सही घेतात, आणि शंभरातले नव्व्याण्णव जण तो फॉर्म न वाचता सही करतात.

तर त्या फॉर्ममध्ये नेमकं काय असतं, ते सुरुवातीपासून बघू.

आधी एमआरआय कसा चालतो ते समजून घेऊ

एमआरआयमध्ये एक्स-रे नसतात. मशीन म्हणजे एक प्रचंड ताकदीचं चुंबक. बहुतेक सेंटरमध्ये ते १.५ किंवा ३ टेस्लाचं असतं. १.५ टेस्ला म्हणजे पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राच्या तीस हजार पटींहून जास्त.

आपल्या शरीरात पाणी भरपूर असतं. त्या पाण्यातले हायड्रोजनचे कण या चुंबकात एका विशिष्ट पद्धतीने रांगेत येतात. मग मशीन रेडिओ लहरी सोडून त्यांना ढकलतं. लहर थांबली की कण परत आपल्या जागी येतात आणि परत येताना सिग्नल देतात. कोणत्या भागातले कण किती वेळात परत आले, यावरून फोटो तयार होतो.

इथेच कॉन्ट्रास्टचं काम सुरू होतं. गॅडोलिनियम नावाच्या धातूमध्ये सात एकटे इलेक्ट्रॉन असतात, त्यामुळे तो स्वतःच एका छोट्या चुंबकासारखा वागतो. तो जिथे पोचतो तिथले पाण्याचे कण लवकर जागेवर येतात आणि तो भाग फोटोत पांढराशुभ्र चमकतो.

मेंदूच्या रक्तवाहिन्यांभोवती एक कडक बंदोबस्त असतो. रक्तातलं काहीही उठून मेंदूत घुसू शकत नाही. पण जिथे गाठ असते, टीबीचा गोळा असतो, पू झालेला असतो किंवा सूज असते, तिथे हा बंदोबस्त फुटलेला असतो. कॉन्ट्रास्ट नेमका त्या फटीतून आत जातो आणि आजाराची जागा उजळून दाखवतो. प्लेन एमआरआयमध्ये न दिसलेली छोटी गाठ कॉन्ट्रास्टमध्ये दिसू शकते ती यामुळे.

एक गोष्ट इथेच स्पष्ट करू. सीटी स्कॅनला जो 'डाय' देतात तो आयोडीनचा असतो. एमआरआयचा कॉन्ट्रास्ट गॅडोलिनियमचा. दोन्ही वेगळी औषधं आहेत, त्यांचे धोकेही वेगळे. ग्रुपवर मात्र दोघांना 'तो डाय' म्हणून एकाच पोत्यात भरलं जातं.

मग हा धातू विषारी आहे का?

मोकळा असेल तर हो.

गॅडोलिनियमच्या आयनचा आकार कॅल्शियमच्या आयनच्या जवळपास असतो. शरीरात कॅल्शियम जिथे काम करतं, म्हणजे नसा, स्नायू, हृदय, तिथे मोकळं गॅडोलिनियम जाऊन अडथळा करू शकतं. म्हणून ते कधीही नुसतं देत नाहीत. ते एका मोठ्या रेणूच्या पकडीत बांधून देतात.

या पकडीला रसायनशास्त्रात 'कीलेट' म्हणतात. हा शब्द ज्या ग्रीक शब्दावरून आला त्याचा अर्थ खेकड्याची नांगी. कोळीवाड्यात खेकडा हाताळणाऱ्याला वेगळं सांगायला नको, नांगीत आलेली गोष्ट सहज सुटत नाही. गॅडोलिनियम असंच पकडीत राहतं, रक्तातून फिरतं, किडनीत येतं आणि लघवीवाटे बाहेर पडतं. किडनी चांगली असेल तर साधारण दीड तासात रक्तातलं प्रमाण निम्मं होतं आणि २४ तासांत ९० टक्क्यांहून जास्त औषध बाहेर गेलेलं असतं.

आता डोस किती असतो ते बघा. नेहमीचा डोस वजनाच्या दर किलोला ०.१ मिलिमोल. ६० किलोच्या माणसाला ६ मिलिमोल. यातला नुसता धातू मोजला तर तो सुमारे ०.९४ ग्रॅम भरतो, म्हणजे जवळपास एक ग्रॅम. बाटलीतलं औषध किती दाट आहे त्यानुसार हे ६ किंवा १२ मिलिलिटरमध्ये येतं.

एक ग्रॅम धातू शरीरात गेला आणि बहुतेक सगळा बाहेर आला. प्रश्न त्या 'बहुतेक'चा आहे.

सगळे कॉन्ट्रास्ट सारखे नसतात

या लेखातून एकच गोष्ट लक्षात ठेवायची असेल तर ही ठेवा.

पकडीचे दोन प्रकार आहेत. पहिला 'लिनियर'. यात रेणू उघड्या साखळीसारखा असतो आणि धातूभोवती गुंडाळलेला असतो. साखळीची टोकं मोकळी असल्यामुळे ती कधीतरी सैल पडू शकते. दुसरा 'मॅक्रोसायक्लिक'. यात रेणू बंद कडं करतो आणि धातू पिंजऱ्यात बसल्यासारखा आत राहतो. तो सुटणं खूप अवघड.

लिनियरमध्ये येतात: गॅडोडायमाइड, गॅडोव्हर्सेटामाइड, गॅडोपेन्टेटेट, गॅडोबेनेट आणि लिव्हरसाठी वापरलं जाणारं गॅडोक्सेटेट.

मॅक्रोसायक्लिकमध्ये येतात: गॅडोब्युट्रॉल, गॅडोटेरेट आणि गॅडोटेरिडॉल.

नावं सगळी 'गॅडो'पासूनच सुरू होतात, म्हणून गोंधळ होतो. पण शरीरात किती धातू मागे राहतो यात दोन्ही गटांत मोठा फरक आहे. लिनियरमध्ये तो जास्त राहतो, मॅक्रोसायक्लिकमध्ये कमी.

पहिला दणका: किडनीच्या पेशंटना

गॅडोलिनियमचं पहिलं औषध १९८८ मध्ये अमेरिकेत मंजूर झालं. ते लिनियर होतं. पुढची बरीच वर्षं डॉक्टरांना हा कॉन्ट्रास्ट सीटीच्या आयोडीनपेक्षा फारच निर्धोक वाटायचा. इतका, की किडनी खराब असलेल्यांनाही बिनधास्त द्यायचे.

१९९७ पासून डायलिसिसवरच्या काही पेशंटमध्ये एक विचित्र आजार दिसू लागला. हातापायांची कातडी लाकडासारखी कडक होत होती, सांधे आखडत होते. काहींना चालता येईना. या आजाराला पुढे 'नेफ्रोजेनिक सिस्टेमिक फायब्रोसिस' असं नाव पडलं. त्याचा संबंध गॅडोलिनियमशी आहे, हे २००६ मध्ये ऑस्ट्रियातल्या एका डॉक्टरांनी दाखवून दिलं. औषध होतं गॅडोडायमाइड. किडनी औषध बाहेर टाकू शकत नसल्यामुळे ते शरीरात जास्त वेळ राहत होतं, पकड सैल पडत होती आणि धातू सुटत होता.

२००७ मध्ये अमेरिकेच्या एफडीएने औषधाच्या पाकिटावर सगळ्यात कडक इशारा छापायला लावला. डॉक्टरांनी किडनी तपासायला सुरुवात केली, लिनियर औषधं अशा पेशंटना देणं थांबवलं, आणि हा आजार जवळजवळ नाहीसा झाला.

कॉन्ट्रास्टच्या आधी सेंटरवाले तुमच्याकडे क्रिएटिनिनचा रिपोर्ट मागतात ना? ते उगाच नाही. त्यामागे हा इतिहास आहे.

दुसरा दणका: मेंदूत

किडनीचा प्रश्न सुटला म्हणून सगळे निवांत झाले होते. तेवढ्यात जपानमधून बातमी आली.

टोकियोच्या तेइक्यो विद्यापीठातले रेडिओलॉजिस्ट तोमोनोरी कांदा आणि त्यांचे सहकारी जुने एमआरआय बघत होते. काही पेशंटच्या मेंदूत दोन जागा नेहमीपेक्षा पांढऱ्या दिसत होत्या. एक म्हणजे लहान मेंदूतला 'डेन्टेट न्यूक्लियस' आणि दुसरी मेंदूच्या खोल भागातली 'ग्लोबस पॅलिडस'. या दोन्ही जागा हालचालींच्या नियंत्रणाशी जोडलेल्या आहेत. विशेष म्हणजे हे फोटो कॉन्ट्रास्ट देण्याआधीचे होते. म्हणजे चमकायला काही कारणच नव्हतं.

त्यांनी दोन गट घेतले. १९ पेशंट, ज्यांचे किमान सहा कॉन्ट्रास्ट एमआरआय झाले होते. आणि १६ पेशंट, ज्यांचे किमान सहा एमआरआय झाले होते पण कॉन्ट्रास्टशिवाय. चमक पहिल्या गटात होती. आणि जितके डोस जास्त, तितकी चमक जास्त. हा शोधनिबंध २०१४ मध्ये 'रेडिओलॉजी' या नियतकालिकात छापून आला.

तरी चमक म्हणजे धातूच, हे कशावरून? याचं उत्तर २०१५ मध्ये अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकने दिलं. त्यांनी मृत्यूनंतर तपासणीसाठी मिळालेल्या मेंदूंचे नमुने घेतले. १३ जणांना हयातीत किमान चार वेळा गॅडोडायमाइड दिलेलं होतं. १० जणांना कधीच कॉन्ट्रास्ट दिलेला नव्हता. त्या तेराच्या तेरा जणांच्या मेंदूत गॅडोलिनियम सापडलं. प्रमाण होतं ऊतीच्या दर ग्रॅममागे ०.१ ते ५८.८ मायक्रोग्रॅम. एक मायक्रोग्रॅम म्हणजे ग्रॅमचा दहा लाखावा भाग. ज्यांना कॉन्ट्रास्ट दिला नव्हता, त्यांच्यात सापडलं नाही.

यात दोन गोष्टी लक्षात घ्या. पहिली, या लोकांची किडनी ठणठणीत बंद पडलेली वगैरे नव्हती. म्हणजे किडनी चांगली असली तरी थोडा धातू मेंदूत पोचतो. दुसरी, जिथे धातू सापडला तिथल्या पेशी सूक्ष्मदर्शकाखाली बघितल्यावर नुकसानीच्या स्पष्ट खुणा दिसल्या नाहीत.

त्याच वर्षी जर्मनीतल्या हायडेलबर्गच्या डॉक्टरांनी लिनियर आणि मॅक्रोसायक्लिक अशी थेट तुलना केली. प्रत्येक गटात ५० पेशंट, प्रत्येकाला किमान सहा डोस. लिनियर गटात डेन्टेट न्यूक्लियसची चमक वाढलेली होती, मॅक्रोसायक्लिक गटात नव्हती. म्हणजे मॅक्रोसायक्लिक अजिबातच राहत नाही असं नाही. उंदरांवरच्या प्रयोगांत त्याचेही अंश सापडलेत, पण खूप कमी, आणि ते हळूहळू धुऊनही जातात.

बंदोबस्त असताना धातू मेंदूत जातो कसा? आज मिळालेल्या पुराव्यांवरून असं दिसतं की औषध आधी मेंदूभोवतीच्या पाण्यात उतरतं आणि तिथून आत झिरपतं. पुढे बंद पिंजरा तसाच्या तसा परत बाहेर पडतो. उघड्या साखळीतून सुटलेला धातू मात्र मेंदूतल्या मोठ्या रेणूंना चिकटून बसतो.

आणि फक्त मेंदूच नाही. हाडांत आणि कातडीतही गॅडोलिनियम राहतं. हाडांत तर मेंदूपेक्षा जास्त.

मग मेंदूवर परिणाम काय होतो?

इथे रील बनवणारे थेट 'विसरभोळेपणा, पार्किन्सन, ब्रेन फॉग' अशी यादी टाकतात. अभ्यास काय म्हणतात ते बघू.

पार्किन्सनची शंका साहजिक होती, कारण धातू हालचालींच्या केंद्रांत साठतो. कॅनडातल्या ओंटारिओ प्रांतात ६६ वर्षांपुढच्या २,४६,५५७ जणांची नोंद तपासली गेली. त्यातल्या ९९,७३९ जणांना कधी ना कधी गॅडोलिनियम दिलेलं होतं. पार्किन्सनसारखी लक्षणं कॉन्ट्रास्ट घेतलेल्यांपैकी १.१७ टक्के लोकांत आणि न घेतलेल्यांपैकी १.१६ टक्के लोकांत दिसली. म्हणजे फरक नाहीच. हा अभ्यास २०१६ मध्ये छापून आला.

स्मरणशक्तीबद्दल मेयो क्लिनिकने ४,२६१ वयस्कर लोकांची माहिती तपासली. जवळपास चौथ्या हिश्श्याला गॅडोलिनियम मिळालेलं होतं, काहींना तर २८ वेळा. बुद्धीच्या आणि हालचालींच्या चाचण्यांत दोन गटांत वाईट फरक आढळला नाही. हे निष्कर्ष २०१७ मध्ये मांडले गेले.

वाचून बरं वाटतं, पण इथेही बारीक अक्षरं वाचायला हवीत. कॅनडाच्या अभ्यासात चार किंवा जास्त वेळा कॉन्ट्रास्ट घेतलेले फक्त अडीच टक्के होते. बहुतेकांनी एकदाच घेतला होता. म्हणजे 'एखाद-दोन वेळा घेतल्यावर काय' याचं उत्तर पक्कं आहे. 'तरुणपणापासून पंधरा-वीस वेळा घेतल्यावर काय' याचं उत्तर तितकं पक्कं नाही.

असे पेशंट म्हणजे मल्टिपल स्क्लेरोसिसवाले. त्यांचा आजार बहुतेकदा विशी-तिशीत सुरू होतो आणि एमआरआय वर्षानुवर्षं चालतात. स्वीडनमधल्या एका छोट्या अभ्यासात ज्यांच्या मेंदूत गॅडोलिनियमची चमक जास्त होती, ते शब्द पटापट आठवून सांगण्याच्या चाचणीत थोडे मागे पडले. पण ज्याचा आजार जास्त, त्याचे एमआरआय जास्त आणि त्याचा मेंदूही जास्त बाधित. मग मागे पडण्याचं कारण धातू की आजार? हे वेगळं करणं फार कठीण असतं.

याशिवाय काही लोक सांगतात की कॉन्ट्रास्टनंतर त्यांना हाडं दुखणं, कातडीत जळजळ, डोकं जड होणं असे त्रास सुरू झाले आणि थांबलेच नाहीत. त्यांचे त्रास खोटे आहेत असं म्हणायचं कारण नाही. पण त्यामागे गॅडोलिनियमच आहे, असा थेट संबंध अजून कोणी दाखवू शकलेलं नाही.

या विषयाला सोशल मीडियावर खरी हवा मिळाली ती हॉलिवूडमुळे. अॅक्शन हिरो चक नॉरिसने २०१७ मध्ये, आपल्या पत्नीला एमआरआयच्या कॉन्ट्रास्टमुळे त्रास झाला म्हणून कंपन्यांवर कोट्यवधी डॉलरचा दावा ठोकला. बातमी जगभर फिरली. २०२० मध्ये त्यांनी दावा मागे घेतला, ती बातमी मात्र फारशी कोणी फॉरवर्ड केली नाही.

सरकारांनी काय केलं?

एकच पुरावा समोर होता, पण दोन मोठ्या यंत्रणांनी वेगवेगळे निर्णय घेतले.

युरोपने २०१७ मध्ये सावधगिरीची बाजू घेतली. शिरेतून देण्याच्या गॅडोडायमाइड, गॅडोव्हर्सेटामाइड आणि गॅडोपेन्टेटेट या लिनियर औषधांचे परवाने स्थगित केले. लिव्हरसाठी लागणारी दोन लिनियर औषधं ठेवली, कारण तिथे त्यांना चांगला पर्याय नव्हता. नुकसान सिद्ध झालेलं नाही, हे त्यांनी स्पष्ट सांगितलं. पण कमी साठणारं औषध हातात असताना जास्त साठणारं का वापरायचं, असा त्यांचा साधा हिशोब होता.

अमेरिकेच्या एफडीएने डिसेंबर २०१७ मध्ये औषधं बाजारात ठेवली, पण सगळ्या गॅडोलिनियम औषधांवर 'शरीरात महिने ते वर्षं राहू शकतं' असा इशारा घातला. पेशंटला वाचायला माहितीपत्रक देणं बंधनकारक केलं. कंपन्यांना पुढचे अभ्यास करायला सांगितलं. ज्यांना आयुष्यात अनेक डोस लागणार आहेत, गरोदर बायका, लहान मुलं आणि सूज येणारे आजार असलेले पेशंट, यांच्याबाबत जास्त विचार करा असं डॉक्टरांना सांगितलं. आणि त्याच पत्रकात हेही लिहिलं की गरजेचा कॉन्ट्रास्ट एमआरआय टाळू नका, पुढेही ढकलू नका.

युरोपचा निर्णय भारताला लागू होत नाही. म्हणून आपल्याकडे 'कोणतं औषध देणार?' हा प्रश्न पेशंटने स्वतः विचारण्याला अर्थ आहे.

दरम्यान औषधंही सुधारतायत. २०२२ मध्ये अमेरिकेत गॅडोपिक्लेनॉल मंजूर झालं. ते मॅक्रोसायक्लिक आहे आणि नेहमीच्या निम्म्या डोसमध्ये तेवढीच चमक देतं.

कॉन्ट्रास्ट कधी लागतो, कधी नाही?

'धातू साठतो' हे कळल्यावर माणूस सरळ नकार द्यायला जातो. खरा धोका तिथे सुरू होतो.

मेंदूच्या गाठीचं ऑपरेशन झालेल्या पेशंटचं उदाहरण घ्या. टाटा हॉस्पिटलसारख्या ठिकाणी फॉलोअपला जाणाऱ्यांना काही महिन्यांनी एमआरआय सांगतात. गाठ परत आली का, हे लवकरात लवकर कॉन्ट्रास्टच सांगतो. इथे कॉन्ट्रास्ट टाळणं म्हणजे सिद्ध न झालेल्या धोक्याच्या भीतीने सिद्ध झालेल्या धोक्याकडे पाठ फिरवणं. मेंदूचा टीबी, मेंदूत पू, दुसऱ्या अवयवातला कॅन्सर मेंदूत पसरल्याची शंका, मणक्याच्या ऑपरेशननंतर पुन्हा दुखणं, मल्टिपल स्क्लेरोसिसचं पहिलं निदान, या सगळ्यांत कॉन्ट्रास्टचा खरा उपयोग असतो. मुंबईत टीबी किती आहे हे आपल्याला माहीत आहेच.

उलट गुडघ्याचं लिगामेंट, साधी कंबरदुखी, गादी सरकल्याचा पहिला एमआरआय, ताजा स्ट्रोक, यात बहुतेक वेळा प्लेन एमआरआयवर भागतं. मल्टिपल स्क्लेरोसिसच्या २०२१ च्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांनीही सांगितलंय की निदान झाल्यावर प्रत्येक फॉलोअपला कॉन्ट्रास्ट द्यायची गरज नाही.

कॉन्ट्रास्ट वाया जाण्याचं एक कारण अगदी आपल्या ओळखीचं आहे. पेशंट आधी जवळच्या सेंटरमध्ये एमआरआय करतो. मग कोणीतरी सांगतं म्हणून कांदिवलीच्या शताब्दीत दाखवतो. तिथून केईएम किंवा नायरला जातो. जुनी सीडी घरी, फिल्मची पिशवी पावसात भिजलेली, रिपोर्टचा फक्त फोटो मोबाइलमध्ये. नव्या डॉक्टरला फोटो बघता येत नाहीत, म्हणून तोच एमआरआय पुन्हा. पैसे गेले, रजा गेली आणि एक डोस जास्त गेला. हा डोस टाळण्यासाठी कुठल्याही संशोधनाची वाट बघायची गरज नाही. सीडी जपली तरी पुरे.

सेंटरवर जाण्याआधी विचारायचे पाच प्रश्न

१. माझ्या केसमध्ये कॉन्ट्रास्टने काय कळणार आहे? आधी प्लेन करून गरज वाटली तरच इंजेक्शन देता येईल का?

२. कोणतं औषध देणार, लिनियर की मॅक्रोसायक्लिक? बाटलीवर नाव असतं, सांगायला अडचण नसावी.

३. माझा क्रिएटिनिन ठीक आहे का? डायबेटिस, बीपी किंवा किडनीचा त्रास असेल तर हे आधीच सांगा.

४. औषधाचं नाव आणि किती मिलिलिटर दिलं, हे रिपोर्टवर लिहून द्याल का? नुसतं 'कॉन्ट्रास्ट दिला' एवढं पुरेसं नाही.

५. जुना एमआरआय बरोबर आणलाय, तो बघून नवीन करायचा की नाही ठरवाल का?

घरी एका वहीत किंवा मोबाइलच्या नोट्समध्ये चार रकाने करा: तारीख, कोणत्या भागाचा एमआरआय, औषधाचं नाव, मात्रा. आभा कार्ड काढलं असेल तर रिपोर्ट त्याला जोडून ठेवता येतात. वारंवार एमआरआय लागणाऱ्या माणसासाठी ही यादी रक्तगटाइतकीच कामाची आहे.

गरोदर असाल किंवा शंका असेल, तर इंजेक्शनच्या आधी सांगा. २०१६ च्या कॅनडातल्या एका मोठ्या अभ्यासात गरोदरपणी गॅडोलिनियम दिल्याचा संबंध बाळाच्या काही त्रासांशी आणि मृत जन्माशी आढळला होता, म्हणून अगदी अडल्याशिवाय ते देत नाहीत. अंगावर पाजणाऱ्या आईने मात्र घाबरायचं कारण नाही. २४ तासांत दुधात उतरतो तो डोसच्या ०.०४ टक्क्यांहूनही कमी, आणि त्यातलाही एक टक्क्याच्या आतच बाळाच्या आतड्यातून शोषला जातो.

'डिटॉक्स'च्या नादाला लागू नका

भीती पसरली की मागोमाग उपाय विकणारे येतातच. गॅडोलिनियम बाहेर काढतो म्हणून 'कीलेशन' सलाईन, पावडरी, काढे विकले जातात. एफडीएने गॅडोलिनियम काढण्यासाठी कुठलंही कीलेशन औषध मंजूर केलेलं नाही. या औषधांना धातू ओळखता येत नाहीत असं नाही, पण ती शरीराला हवे असलेले कॅल्शियम, झिंकसारखे घटकही ओढून नेतात. कॅल्शियम एकदम घसरलं तर जिवावर बेततं, आणि चुकीच्या कीलेशनने माणसं दगावल्याची नोंद आहे.

२०२५ मध्ये आणखी एक बातमी फिरली. न्यू मेक्सिको विद्यापीठातल्या संशोधकांनी दाखवलं की ऑक्सॅलिक आम्ल काही कॉन्ट्रास्ट औषधांतून थोडं गॅडोलिनियम सोडवू शकतं. हे आम्ल पालक, सुकामेवा अशा पदार्थांत असतं आणि व्हिटॅमिन सीपासून शरीरातही बनतं. लगेच 'एमआरआयआधी पालक खाल्ली तर विष' असे मथळे आले. हा प्रयोग परीक्षानळीतला होता, माणसांवरचा नव्हता. एमआरआयच्या दिवशी व्हिटॅमिन सीची मोठी गोळी नाही घेतली तर काही बिघडत नाही, पण त्यावरून पालकाची जुडी फेकून द्यायची गरज नाही.

आणि त्या खोलीतला रोजचा धोका वेगळाच आहे

इंजेक्शननंतर लगेच काही त्रास होण्याचं प्रमाण ०.०७ ते २.४ टक्के सांगितलं जातं. त्यात बहुतेक वेळा मळमळ, डोकेदुखी, हात गार पडणं असलेच प्रकार. जिवावर बेतणारी अॅलर्जी लाखात एक ते दहा जणांना. म्हणून आधी कधी कॉन्ट्रास्टची अॅलर्जी आली असेल तर ती लपवू नका, आणि इंजेक्शननंतर थोडा वेळ सेंटरमध्येच थांबा.

पण एमआरआयच्या खोलीत सगळ्यात घातक असतं ते चुंबक. २७ जानेवारी २०१८ ला मुंबईच्या नायर रुग्णालयात एका ३२ वर्षांच्या तरुणाचा जीव गेला. तो नातेवाइकाला घेऊन एमआरआयच्या खोलीत गेला होता आणि हातात ऑक्सिजनचा लोखंडी सिलिंडर होता. मशीनने सिलिंडरसकट त्याला ओढून घेतलं. मशीन 'बंद' दिसत असलं तरी चुंबक चालूच असतं. मंगळसूत्र, चाव्या, बेल्ट, चिल्लर, पेसमेकर, शरीरातल्या प्लेट यांबद्दल तंत्रज्ञ दहा वेळा विचारतो तेव्हा वैतागू नका.

थोडक्यात काय?

वारंवार कॉन्ट्रास्ट घेतल्यावर गॅडोलिनियम मेंदूत थोडं साठतं, हे खरं. लिनियर औषधांनी जास्त, मॅक्रोसायक्लिकने कमी, हेही खरं. किडनी चांगली असलेल्या माणसाच्या मेंदूचं त्यामुळे नुकसान होतं, असं सिद्ध झालेलं नाही. आणि कॉन्ट्रास्ट नाकारल्यामुळे गाठ किंवा टीबी उशिरा सापडला, तर त्याची किंमत मात्र रोकड मोजावी लागते.

त्यामुळे पुढच्या वेळी ग्रुपवर तो मेसेज आला की 'अफवा आहे' म्हणू नका आणि 'एमआरआय करूच नका' असंही म्हणू नका. 'कोणतं औषध आणि कशासाठी, एवढं डॉक्टरांना विचारा' एवढं लिहा. ज्यांच्या घरी फॉलोअपचे एमआरआय चालू आहेत, त्यांना तेवढं वाक्य खूप उपयोगी पडेल.

(ही माहिती सर्वसाधारण वाचकांसाठी आहे. तुमच्या तपासणीचा निर्णय तुमच्या डॉक्टरांशी बोलूनच घ्या.)